घरची गाडी: दारात शोभणारी की खेपांना पुरणारी?

(आपल्या रेडिओ केंद्रावरून झालेलं बोलणं. छापताना हिशोब थोडे सविस्तर दिले आहेत.)

कामं आवरली का? नसतील तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आमच्यात गाडी घ्यायचं चाललंय. पोरगा म्हणतो उंच एसयूव्ही घेऊ, मालक म्हणतात साधी वॅगनसारखी घेऊ. मी काय सांगू?" दुसरी लगेच म्हणाली, "आपल्याला कोण विचारतंय? आपण फक्त नारळ फोडायचा आणि हळद-कुंकू लावायचं." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. कारण चार वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. नारळ फोडला, कुंकू लावलं आणि कर्जाच्या कागदावर सही केली. तेव्हा आज गाडीवर बोलू. घर आणि जमीन सोडली तर गाडीएवढी मोठी खरेदी आपल्याकडे दुसरी नसते.

वॅगन म्हणजे काय, एसयूव्ही म्हणजे काय?

वॅगन हा शब्द आपल्याला नवा नाही. मालगाडीच्या डब्याला आपण वाघीण म्हणतो ना? ती वाघीण म्हणजे या वॅगनचंच मराठी रूप. मोटारीतली वॅगन म्हणजे कारसारखीच बुटकी गाडी, पण छत थेट मागच्या टोकापर्यंत नेलेलं आणि मागे उघडणारं मोठं दार. माणसं पुढे, सामान मागे, सगळं एकाच छताखाली. परदेशात कितीतरी कुटुंबं अशा गाड्या वापरत आली. आपल्याकडे १९९२ साली टाटांनी इस्टेट नावाची अशी गाडी काढली होती. पुढे इतरांनीही प्रयत्न केले, पण आपल्या लोकांना ती लांब, बुटकी ठेवण रुचली नाही. आज आपल्या भागातल्या दुकानात अस्सल वॅगन मिळत नाही. वॅगनआरच्या नावात वॅगन आहे. ती १९९९च्या शेवटी आली, पण खरं तर ती उभट बांध्याची लहान कार आहे.

तरी वॅगनचा गुण दोन प्रकारच्या गाड्यांत उतरलाय. एक, या उभट लहान कार. दुसरा प्रकार एर्टिगासारख्या सात जणांच्या लांब गाड्यांचा. एर्टिगा २०१२ साली आली. दोन्ही कारच्या बांधणीच्या, फार उंच नाहीत, आणि आत जागा जास्त.

दुसऱ्या बाजूला जीपच्या कुळातल्या गाड्या. ट्रॅक्स, कमांडर आपण वडापमुळे ओळखतो. टाटा सुमो १९९४ची. सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या पहिल्या अक्षरांवरून तिचं नाव पडलं. मग २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ आली. या खऱ्या उंच, दणकट गाड्या. आता तिसरीही जात निघाली आहे. दिसायला एसयूव्ही, पण आतून कारच. शोरूममध्ये हिलाही एसयूव्हीच म्हणतात. म्हणून नावावर जाऊ नका, बांधणी विचारा.

बांधणीतला फरक समजायला सोपा आहे. बैलगाडीला खाली साटा असतो. त्यावर ओझं टाका, माणसं बसवा, सगळा भार साट्यावर. जुन्या पद्धतीच्या दणकट एसयूव्हीला असाच खाली लोखंडी सांगाडा असतो आणि वर पेटी बसवलेली असते. उलट आपली धान्याची कणगी बघा. तिच्यात वेगळा सांगाडा नाही, विणीतच तिचं बळ. कारच्या बांधणीच्या गाड्या अशा असतात. संपूर्ण पत्रा एकमेकांत गुंफून जोर धरतो.

साट्यावरची गाडी खड्डे, दगड, ओझं वर्षानुवर्षं सोसते. पण ती जड असते, इंधन जास्त पिते, आणि रिकामी असली की मागे बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करते. कणगीच्या बांधणीची गाडी हलकी, इंधनाला बरी आणि बसायला मऊ. पण रोज दगडांच्या वाटेवर ओझं घेऊन नेली तर ती लवकर थकते. यात चांगली-वाईट असं काही नाही. बैलगाडीत लोणचं साठवत नाही आणि बरणीत कडबा भरत नाही, एवढंच.

आमच्या घरची गोष्ट

चार वर्षांपूर्वी आमच्या घरी उंच, जीपसारखी जुनी गाडी आली. किंमत साडेसहा लाख. भावजींचं म्हणणं होतं, "घ्यायची तर दारात उभी राहिली की दिसली पाहिजे." यांनाही ते पटलं. दीड लाख रोख भरायचे होते आणि पाच लाखांचं कर्ज. त्या दीड लाखात ऐंशी हजार माझे होते. माझे म्हणजे गटातून शेळ्यांसाठी उचललेले.

हो, मी गटाची समन्वयक, बायकांना सांगत फिरणारी की कर्ज ज्या कामाला घेतलं त्याच कामाला लावा, आणि मीच शेळ्यांचे पैसे गाडीत घातले. "दोन महिन्यांत परत करतो" असं घरात ठरलं होतं. दोन महिने कसले, दोन वर्षं झाली.

कर्ज देणाऱ्याने सांगितलं, "नऊ टक्के फक्त." मी बी.ए. झालेली, पण त्या दिवशी पुढचा प्रश्न विचारला नाही. नऊ टक्के कसले? उरलेल्या मुद्दलावर की सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर? ते सरसकट व्याज होतं. पाच लाखांवर दरसाल नऊ टक्के म्हणजे ४५ हजार, चार वर्षांचे १ लाख ८० हजार. एकूण ६ लाख ८० हजार भागिले ४८ महिने, हप्ता १४,१६७ रुपये. तेच नऊ टक्के घटत्या मुद्दलावर असते, तर हप्ता १२,४४३च्या आसपास बसला असता. महिन्याला १,७२४ रुपयांचा फरक, ४८ महिन्यांत सुमारे ८३ हजार. एक चांगली दुभती म्हैस त्या एका न विचारलेल्या प्रश्नात गेली. सरसकट नऊ टक्के म्हणजे घटत्या हिशोबाने सोळा टक्के होतात हे मला नंतर कळलं. गटात आपण घटत्या मुद्दलावर व्याज काढायला शिकतो, आणि बाहेर पडलो की ते विसरतो.

गाडी वाईट नव्हती. चूक गाडीची नव्हतीच. पण सासूबाईंना, आमच्या आत्यांना, गुडघ्याचं दुखणं. त्यांना त्या पायरीवर पाय ठेवता येईना. मग गाडीत कायम एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं. दवाखान्याच्या दारात स्टूल काढायचं, आत्यांना उतरवायचं, लोक बघायचे. एकदा त्या म्हणाल्या, "मला आपली एसटीच बरी गं. तिला धरायला दांडा तरी असतो." माणसांसाठी घेतलेली गाडी, आणि घरातलं सर्वांत गरजेचं माणूसच तिच्यात बसेना.

वीस महिन्यांनी ती विकली, ४ लाख ९० हजारांना. कर्जाची बाकी आणि मुदतीआधी फेडल्याचा आकार देऊन हातात दीड लाखाच्या आसपास राहिले. म्हणजे भरलेली रोख तेवढी परत आली. हप्त्यांत गेलेले २ लाख ८३ हजार मात्र गेले ते गेले. त्यानंतरच्या गटाच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कुणी टोमणा मारला नाही. आमच्या सर्वांत जुन्या सभासद आक्का एवढंच म्हणाल्या, "आता गाडीचा हिशोब कसा करायचा ते शीक आणि आम्हालाबी शिकव." आजचं बोलणं त्यांच्या त्या शब्दामुळे आहे.

खेपांची वही

दुसरी गाडी घ्यायच्या आधी मी महिनाभर एक वही ठेवली. गटाच्या वहीसारख्याच पाच ओळी आखल्या: तारीख, कुठे गेलो, किती माणसं, कोणता रस्ता, सोबत काय सामान. महिना मुद्दाम लग्नसराईचा धरला, म्हणजे कमी गर्दीचा महिना निवडला असं कुणी म्हणायला नको. गाडी नव्हती, तरी दुचाकी, एसटी, वडाप, भाड्याची गाडी असं ज्यातून गेलो ते सगळं लिहिलं.

महिनाअखेर मोजलं. एकूण ३४ खेपा. त्यातल्या २२ खेपांना एक ते तीन माणसं. ९ खेपांना चार-पाच. पाचपेक्षा जास्त माणसं फक्त तीन वेळा: एक लग्न, एक देवदर्शन आणि एक माहेरची वास्तुशांत. ३० खेपा डांबरी रस्त्याच्या, चार शिवारातल्या. सामान होतं अकरा वेळा, त्यात मसाल्याचे डबे जास्त. अंतर सगळं मिळून ७४० किलोमीटर.

वही मी जेवताना सर्वांपुढे ठेवली. वाद घातला नाही. भावजींनी पानं उलटली आणि म्हणाले, "म्हंजे तीन दिवसांसाठी आपण तीस दिवस हप्ता भरत होतो." बाईच्या बोलण्यापेक्षा वहीतल्या आकड्याला घरात जास्त मान असतो, हे मला गटाने शिकवलंय.

मग आम्ही साडेतीन लाखांची जुनी उभट लहान कार घेतली. दीड लाख हातातले, दोन लाख कर्ज, साडेदहा टक्के घटत्या मुद्दलावर, तीन वर्षं. हप्ता साडेसहा हजार. आधीच्या हप्त्यापेक्षा महिन्याला ७,६६७ रुपये कमी, वर्षाला ९२ हजार. मोठ्या गाडीची गरज वर्षातून दहा-बारा वेळा पडते, तेव्हा भाड्याने आणतो. त्याला तीसेक हजार जातात. इंधनाचंही बघा. ७४० किलोमीटरला जुनी गाडी लिटरला बाराच्या हिशोबाने ६२ लिटर डिझेल पीत होती. ही लिटरला एकोणीस देते, ३९ लिटर पेट्रोल लागतं. पेट्रोल महाग असूनही महिन्याला हजार-दीड हजार वाचतात. शेळ्या आता आल्या आहेत, दोन वर्षं उशिरा, पण आल्या.

आणि आत्या स्वतः दार उघडून बसतात. सीट कमरेच्या उंचीला आहे. चढावं लागत नाही, वाकावंही लागत नाही. पाटावर बसण्यापेक्षा खुर्चीवर बसणं जसं सोपं, तसं.

मग एसयूव्ही घ्यायचीच नाही का?

असं मी म्हणत नाही. मागच्या भागानंतर डोंगरातल्या एका वाडीवरून एका ताईंचा फोन आला. घरात अकरा माणसं. मुख्य रस्त्यापासून वाडी सहा किलोमीटर, वाट कच्ची, मध्ये ओढा. पावसाळ्यात दगड-माती खाली येते. आठवड्यातून चार दिवस घरची पाच-सहा माणसं एकत्र बाहेर पडतात. मी त्यांना म्हटलं, ताई, तुम्ही सांगितलंत तेच वहीत लिहिलंत, तर वहीच सांगेल की तुमची गाडी साट्यावरची उंच गाडी आहे. तिथे लहान कार घेतली तर दर पावसाळ्याला खालचा पत्रा दगडाला घासेल, आणि वाचवलेले पैसे मिस्त्रीकडे जातील.

पण उंच गाडीबद्दलचे तीन गैरसमज आधी काढून टाका.

पहिला: उंच गाडी चिखलातून निघतेच. तसं नाही. रस्त्यावरच्या बऱ्याच एसयूव्हींत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. काळ्या मातीच्या चिखलात त्याही रुततात. चारही चाकांना जोर देणारी गाडी वेगळी आणि महाग असते. लागणार असेल तर तसं स्पष्ट विचारून घ्या.

दुसरा: उंच गाडी पाण्यातून जाते. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर उंच गाडीही वाहून जाते. पाणी उतरेपर्यंत थांबायचं. याला अपवाद नाही.

तिसरा: उंच म्हणजे सुरक्षित. यावर जरा थांबू या.

सुरक्षितता: हंडा आणि उतरंड

कमरेवर कळशी घेऊन आपण पटकन वळू शकतो. डोक्यावर तीन हंड्यांची उतरंड असेल तर? सगळं अंग सावरून सावकाश वळतो. वजन जेवढं वर, तेवढा तोल जायला सोपा. गाडीचंही तेच आहे. उंच गाडी घाटातल्या वळणावर वेगात घातली, त्यात छतावर सामान बांधलेलं असलं, तर उलटायची भीती बुटक्या गाडीपेक्षा जास्त असते. गाडी घसरू लागली की चाकांना आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा असते. तिला ईएससी म्हणतात. उंच गाडी घेताना ती आहे का हे नक्की विचारा.

दुसरी बाजूही सांगते. जड आणि हलकी गाडी समोरासमोर धडकल्या, तर हलक्या गाडीला मार जास्त बसतो. म्हणून लहान गाडीवाल्यांनी वेग कमी ठेवायचा आणि ओव्हरटेकची घाई करायची नाही.

उंची बघून अंदाज बांधण्यापेक्षा तारे बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप नावाची चाचणी सुरू झाली आहे. त्यात गाडी ठरावीक वेगाने आदळवून आतल्या माणसांचं काय होतं ते तपासतात आणि पाचपैकी तारे देतात. मोठ्यांसाठी वेगळे, मुलांसाठी वेगळे. कंपनीला ही चाचणी सक्तीची नाही, म्हणून प्रत्येक गाडीची झालेली नसते. झाली असेल तर दोन्ही तारे विचारा.

पण पाच तारे असले तरी पट्टा न लावणाऱ्याला ते उपयोगाचे नाहीत. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचाच. कायद्यात पट्ट्यासाठी एक हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी नको, जिवासाठी लावा. लेकरू मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसण्याची आपली सवय तर फारच घातक आहे. धडक बसली की समोरची एअरबॅग डोळ्यांची पापणी लवायच्या आत फुगते आणि आधी लेकराला लागते. लहान मुलं मागच्या सीटवरच बसवायची. मुलांसाठी वेगळी सीट मिळते, ती पट्ट्याने किंवा खालच्या कड्यांना अडकवता येते.

काही उंच गाड्यांत मागे समोरासमोर, आडवं बसायच्या सीट असतात. आपण पोरं तिथेच कोंबतो. अपघातात त्या जागेला संरक्षण फार कमी. "नऊ माणसं बसतात" असं कुणी सांगितलं, तर नऊ जणांना पट्टे आहेत का हे मोजा.

सात सीटची लांब गाडी

या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे कारच्या बांधणीची सात सीटची गाडी. सहा-सात माणसं नेहमी एकत्र जाणारी आणि रस्ता डांबरी असलेल्या घराला ही फार सोयीची. चढायला उंच नाही, मागे एसीचा वारा पोहोचतो, म्हातारी माणसं आरामात बसतात. पण दोन गोष्टी तपासा. तिसरी रांग उघडली की सामानाला जागा जवळजवळ उरत नाही. म्हणजे सात माणसं किंवा सामान, दोन्ही नाही. आणि लांबी. नऊवारी मधोमध दुमडली की साधारण चार मीटरच्या थोडी वर भरते. एर्टिगा तिच्यापेक्षाही लांब आहे, जवळपास ४.४ मीटर. बोलेरो चार मीटरच्या किंचित आत. गावठाणातल्या बोळात, गोठ्यासमोरच्या वळणावर हा फरक कळतो. घ्यायच्या आधी दोरी घेऊन आपल्या दारातली जागा मोजा.

या चार मीटरला करातही महत्त्व आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यापेक्षा लांब किंवा मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर ४० टक्के. आपल्या राज्यात डिझेल गाडीचा रस्ता कर पेट्रोलपेक्षा जास्त लागतो, तोही धरा. विम्यातही फरक पडतो. २०२२ साली ठरलेल्या दरांत त्रयस्थ व्यक्तीच्या विम्याला १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये, तर १५०० सीसीच्या पुढे ७,८९७ रुपये होते. म्हणून दुकानात "शोरूमची किंमत" नव्हे, "रस्त्यावर येईपर्यंतची किंमत" लिहून मागायची.

सीएनजीचंही एक सांगते. इंधन स्वस्त पडतं हे खरं. पण पंप गावापासून किती लांब, तिथे रांग किती, आणि टाकी डिकीत किती जागा खाते ते बघा. मसाल्याचे डबे, पापडाची पोती घेऊन सरसच्या प्रदर्शनाला जाणाऱ्या आम्हा बायकांना डिकी जास्त मोलाची. म्हणून आम्ही पेट्रोलच घेतली.

घेताना काय करायचं

शोरूममध्ये बाईने जायचंच, आणि नेसून असतो ते लुगडं-साडी नेसूनच जायचं. चढून बघा, उतरून बघा. घरातलं म्हातारं माणूस सोबत न्या. आपला नेहमीचा डबा किंवा पोतं डिकीत ठेवून बघा. गाडी हायवेवर नाही, आपल्या गावच्या रस्त्यावर चालवून मागा. विकणारा मुलगा दादांकडे बघून बोलेल. बोलू द्या. प्रश्न तुम्ही विचारा: व्याज सरसकट की घटत्या मुद्दलावर, मुदतीआधी फेडलं तर आकार किती, सर्व्हिसला कुठे यावं लागेल.

मुदतीचा मोह टाळा. सहा लाखांना दहा टक्के घटत्या दराने पाच वर्षांत हप्ता १२,७४८ आणि व्याज सुमारे १ लाख ६५ हजार. दहा लाख सात वर्षांत घेतले, तर हप्ता १६,६०१. फार जास्त वाटत नाही ना? पण व्याज होतं जवळजवळ ३ लाख ९४ हजार. हप्ता लहान करून मोठी गाडी गळ्यात मारतात ती अशी.

जुनी घेत असाल तर एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालक कोण, कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का ते बघा. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. गाडी नावावर करायला नमुना २९ आणि ३० लागतात, बोजा उतरवायला ३५. आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, विकणाऱ्याचा नको. नोंदणी पंधरा वर्षांची असते. दहा-बारा वर्षांची गाडी घेताना पुढे किती वर्षं उरली ते मोजा.

खासगी, पांढऱ्या पाटीच्या गाडीने वडाप करून हप्ता काढू, असं घरात कुणी म्हटलं तर थांबवा. परवान्याशिवाय भाडं घेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही असेल, तर हप्ता थकल्यावर तुम्हालाही विचारणार, मग गाडी कुणाच्याही नावावर असो. सही करणार असाल तर गाडीही तुमच्या नावावर करायला सांगा. आणि चालवायला शिका. लहान कार असो की जीप, हलक्या वाहनाचा तोच परवाना दोन्हीला चालतो. मी चौतिसाव्या वर्षी शिकले. पहिल्या आठवड्यात गोठ्याची भिंत खरवडली, अजून तो ओरखडा आहे. पण मागच्या पावसात रात्री आत्यांची छाती भरून आली तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. मी किल्ली घेतली आणि पंचवीस मिनिटांत दवाखाना गाठला. त्या रात्री गाडी दारात कशी दिसते हे कुणी विचारलं नाही.

तर मैत्रिणींनो, या महिन्यापासून एक वही करा. गाडी घ्यायची असो वा नसो, खेपा लिहा. महिनाअखेर घरात सर्वांपुढे ठेवा. आणि गटाचे पैसे शेळीला घेतलेत ना, मग ते शेळीलाच. हे सांगायचा अधिकार मला किती आहे ते तुम्ही ऐकलंतच, म्हणूनच सांगते.

पुढच्या वेळी कुणाकुणाच्या वहीत काय निघालं ते केंद्रावर फोन करून कळवा. आपण सगळ्या मिळून हिशोब मांडू. नमस्कार.